उजवीकडचं तू सांग

१२ एप्रिल, नोव्हाय

ह्यांनी इटलीची तिकिटं काढली. मला विचारून नाही, काढून झाल्यावर सांगितलं, तेही मी भात वाढत असताना. "मे महिन्यात आपण टस्कनीत जायचं. डोंगर, द्राक्षांचे मळे, छोटी छोटी गावं. टूर नको, बस नको. गाडी भाड्याने घ्यायची आणि आपली आपण चालवायची." भातवाढी हातात धरून मी तशीच उभी राहिले.

मी भित्री आहे हे जगजाहीर आहे. नागपूर सोडून इथे मिशिगनात आले त्याला तीस वर्षं होत आली, तरी माझी गाडी जाते ती ग्रोसरी, लायब्ररी आणि माझी मैत्रीण शोभना हिच्या घरापर्यंत. फार वर्षांपूर्वी फ्रीवेवर माझ्या पुढच्या ट्रकचा टायर फुटला आणि त्याचे काळे तुकडे माझ्या काचेवर येऊन आदळले. मला ओरखडासुद्धा आला नाही. पण फ्रीवेकडे जी पाठ फिरवली ती फिरवलीच. लांब कुठे जायचं तर हे नेतात. हे म्हणतात, "नीला बाजूला बसली की गाडीला दोन ब्रेक असतात." कारण माझा पाय बसल्या जागी ब्रेक दाबत असतो.

ही वही आश्लेषाने पाठवली आहे. आमची लेक, क्युपर्टिनोत असते. भीती वाटली की लिहून काढायची, म्हणजे ती डोक्यात साठत नाही, असं तिच्या कुठल्याशा थेरपिस्ट मैत्रिणीचं मत. तर लिहिते. डोंगरातले वळणाचे रस्ते. कठडा नसलेली दरी. पासपोर्ट चोरीला जाणं. अनोळखी गावात रात्र होणं. लिहून डोकं काही रिकामं झालं नाही, उलट आणखी चार सुचल्या.

पण ह्यांना कधी कुठे जायची हौस नव्हती. निवृत्त होऊन वर्ष झालं, तळघरातला पसारासुद्धा आवरला नाही, आणि आता एकदम इटली. का?

१७ एप्रिल

आज हे डॉक्टरकडे जाऊन आले. मार्चमध्येही गेले होते. "वर्षाचं चेकअप गं," म्हणाले. मी बरोबर येते म्हटलं तर नको म्हणाले आणि शोभनाच्या नवऱ्याला, संजयला, घेऊन गेले. तेही त्याच्या गाडीतून. बायको नको, मित्र चालतो.

दुपारी परतले तेव्हा बाहेर आभाळ गच्च भरलेलं, अधूनमधून बर्फाची भुरभुर, आणि ह्यांच्या डोळ्यांवर काळा चष्मा. घरात आले तरी काढला नाही.

"चष्मा कशाला?"

"ऊन फार आहे."

मिशिगनातला एप्रिल, आणि म्हणे ऊन. मी चहा टाकला. हे रडले आहेत. दुसरं काही असूच शकत नाही. सासूबाई गेल्या तेव्हाही हे असेच काळा चष्मा लावून बसले होते.

डॉक्टरांनी काहीतरी सांगितलं आहे. हार्टच असणार. सासरे हार्टनेच गेले, ह्यांच्याहून लहान वयात. आता कळलं इटली का ते. माणसाला शेवटचं म्हणून काही बघावंसं वाटतं.

मी विचारलं नाही. विचारलं तर हे खरं सांगतील आणि मग ते कायमचं घरात येऊन बसेल. ह्यांनी तोंडाने सांगेपर्यंत ते झालेलंच नाही असं धरून चालते. 

२६ एप्रिल

स्वयंपाकातलं मीठ निम्म्यावर आणलं. हे म्हणाले, "भाजी आज अळणी झाली का?" मी म्हटलं, तुमच्या जिभेला काहीतरी झालंय.

सकाळी कॉफी ओतताना धार कपाच्या उजवीकडे टेबलावर पडली. हात कापत नव्हता, मी निरखून बघितलं. धार सरळ होती, फक्त कप तिथे नव्हता. हे पुसून घेऊन हसले, "म्हातारा झालो." पण पॅरॅलिसिस असाच सुरू होतो, मी वाचलं आहे. झोपताना हे बाथरूमचं दार लावून डोळ्यांत थेंब घालतात, ते मात्र पोलनच्या ॲलर्जीसाठी. या दिवसांत इथे निम्म्या गावाच्या डोळ्यांत थेंब असतात.

दुपारी शोभनाकडे गेले. संजयला आडून विचारलं, "चेकअपला काय म्हणाले हो?" तो म्हणाला, "वहिनी, मी नुसता ड्रायव्हर. वेटिंग रूममध्ये बसून मॅच बघितली, यार काय मॅच होती." मग मॅचचंच सांगत बसला. शोभना माझ्याकडे बघून म्हणाली, "तू सरळ दिगंबररावांना का नाही विचारत?" तिला काय सांगू.

हल्ली माझ्याशी बोलताना हे पूर्ण मान वळवून बघतात. आधी नजर टीव्हीवर आणि हुंकार माझ्याकडे, अशी पद्धत होती. इतकं बघणं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातसुद्धा नव्हतं. मला बरं वाटतं आणि लगेच रडू येतं.

९ मे

आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिटसाठी फोटो काढायला गेलो. ह्यांचं परमिट ठीक, पण माझंही काढलं. "मला कशाला?" तर म्हणे, "असू दे. कागद जवळ असलेला बरा." फोटोत मी आत्ताच पकडल्यासारखी दिसते आहे.

आश्लेषाचा फोन. तिला म्हटलं, मला बरं वाटत नाही या ट्रिपबद्दल. ती म्हणाली, "आई, चिल. बाबा इज द सेफेस्ट ड्रायव्हर आय नो. ही लिटरली मेड मिरर्स." ते खरं आहे. हे आयुष्यभर गाड्यांच्या बाजूच्या आरशांचं डिझाइन करत होते. आश्लेषाला गाडी शिकवताना पहिला महिना फक्त मान वळवायला शिकवलं. आरशात दिसत नाही अशी एक जागा प्रत्येक गाडीला असते, तिथे आपण स्वतः बघायचं, आरशावर विसंबायचं नाही. लेक रडकुंडीला आली होती.

ॲस्पिरिनची बाटली, बँडेजं, जंतुनाशक मलम, बीपीचं यंत्र असं सगळं हँडबॅगेत भरलं. हे म्हणाले, "इटलीत दवाखाने आहेत."

१७ मे, फ्लॉरेन्स

पोचलो. विमानात मी ह्यांचा श्वास बघत जागी होते. नीट चालू होता.

गाडी शहराबाहेरून घ्यायची होती. काउंटरवरच्या मुलीने माझंही लायसन्स आणि परमिट मागितलं आणि कागदावर सही घेतली. दुसरी ड्रायव्हर म्हणून. हे म्हणाले, "फॉर्मॅलिटी असते." गाडी ऑटोमॅटिक आहे, छोटीशी, पांढरी.

मी लिंबं घेतली होती. नोव्हायमध्ये आम्ही प्रत्येक नवीन गाडी अगदी डीलरच्या आवारात लिंबावरून काढली आहे, आणि या डोंगरात जायचं तर भाड्याची का असेना, गाडी ती गाडीच. इथली लिंबं मात्र मुठीएवढी. हे म्हणाले, "याच्यावरून नेली तर गाडीच उलटेल." हे असं चिडवतात तेव्हा मला क्षणभर वाटतं, काही झालेलं नाही, सगळं माझ्या मनाचे खेळ.

बॉनेटला हळद-कुंकू लावलं, पुढच्या दोन्ही चाकांपुढे लिंबं ठेवली. जागा उताराची होती, उजवीकडचं लिंबू घरंगळलं. ते परत ठेवायला मी त्या चाकापाशी वाकले आणि गाडी सुरू झाली. नुसती सुरू नाही, चालली. मी मागे उडी मारली. बोटांपासून वीतभर अंतरावर चाकाने लिंबू फोडलं.

"अहो, मी इथे आहे."

ह्यांनी कचकन ब्रेक दाबला. चेहरा पांढराफटक. "मला वाटलं तू मागे गेलीस."

"मी तुमच्या समोर होते."

हे स्टिअरिंग धरून बसून राहिले. माझ्या हळदी-कुंकवाचा ह्यांना आधीपासून कंटाळा आहे, मला माहीत आहे. पण एवढा? शकुन चांगला झाला, लिंबं दोन्ही फुटली, असं मनाला सांगते आहे. 

१८ मे

आज पहिला डोंगरातला दिवस. रस्ता असा की एक वळण संपतं तिथेच दुसरं सुरू. एका बाजूला द्राक्षांच्या रांगा, दुसऱ्या बाजूला उतार. गाडीत ह्यांचा नियम जुना आहे, मी चालवत असताना तू बोलायचं नाहीस. आश्लेषाच्या लहानपणापासून मी गाडीत तोंडाला कुलूप लावून बसत आले.

तर निघाल्यावर पाचेक मिनिटांत हे म्हणाले, "नीला, बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. उजवीकडे काय दिसतं ते सांग. मला सरळ रस्त्याकडे बघावं लागतं, सगळं तुझ्याच बाजूला आहे. उजवीकडचं तू सांग."

मग मी सांगत सुटले. उजवीकडे दगडी भिंत. उजवीकडे कुत्रा, झोपलेला. उजवीकडून रस्ता येतोय, ट्रॅक्टर उभा आहे. तो निघतोय, अहो, थांबा. हे थांबले. ट्रॅक्टरवाला हात करून गेला. हे म्हणाले, "शाबास." लग्न झाल्यापासून गाडीत बोलल्याबद्दल मला पहिल्यांदा शाबासकी मिळाली.

मला आनंद व्हायला हवा होता. पण माणूस असा एकाएकी मऊ होतो, तो का?

२० मे

आम्ही एका शेतातल्या घरात उतरलो आहोत. खाली मालकीणबाई, वर आम्ही. खिडकीतून हिरव्या गव्हाचे डोंगरच डोंगर, आणि उंच सडपातळ सायप्रसची झाडं. शेताच्या बांधांवर पॉपीची लाल फुलं. खरंच सुंदर आहे, भित्र्या माणसालाही दिसावं इतकं.

आज ह्यांनी चार ठिकाणी गाडी थांबवली. उतरायचे, कडेला उभे राहायचे आणि मान डावीकडून उजवीकडे हळूहळू फिरवत सगळं बघायचे. पुन्हा परत, उजवीकडून डावीकडे. फोटो एकही नाही. मी म्हटलं, "फोटो काढा, नंतर बघता येईल." "नंतरचं नंतर," म्हणाले. मी गाडीत जाऊन बसले आणि रुमाल काढला. माणूस निरोप घेताना असंच बघतो.

घाटात पाण्याची बाटली पुढे केली. माझा हात तसाच, हे घेतच नाहीत. हात अवघडला तेव्हा मागे घेतला. मग पाच मिनिटांनी म्हणतात, "पाणी दे गं जरा." काही चुकलं असेल माझं. सकाळी मी सारखी ह्यांची नाडी बघत होते त्याचा राग आला असेल.

गावात शिरताना दगडी वेशीला उजवा आरसा घासला. हे उतरून आरशाशी उभे राहिले, त्यावरून बोट फिरवत. ज्या माणसाने हयातभर आरसे केले त्याचा आरसा घासला, म्हणजे लाज वाटली असेल. मी म्हटलं, "वेसच अरुंद आहे." हे म्हणाले, "हो, वेस अरुंद आहे." जेवायला बसताना मला उठवून माझी खुर्ची घेतली आणि मला डावीकडे बसवलं. नजारा त्या बाजूला नव्हता, स्वयंपाकघर होतं.

बीपी घेतलं. नॉर्मल. छातीत दुखतं का विचारलं. "का दुखेल?" म्हणाले.

२१ मे

आज विचारायचं ठरवलं होतं. नाश्त्याच्या वेळी तोंड उघडलं आणि म्हटलं, ब्रेड छान आहे.

२२ मे

अक्षर वाकडं येतं आहे, येऊ दे.

दुपारची गोष्ट. पांढऱ्या मातीचा रस्ता संपून डांबरी लागला होता. उतार. मी बोलायची थांबले होते, दोनच मिनिटं. बॅगेत ॲस्पिरिन आहे ना ते बघत होते. मान वर केली तर पुढे, उजव्या कडेने, एक सायकलवाला. पिवळा शर्ट. इतका पिवळा की मैलावरून दिसावा. मला वाटलं हे आता डावीकडे घेतील. घेतलं नाही. वेगही कमी केला नाही. मी ओरडले. आरसा त्याच्या कोपराला लागला, खाड्कन आवाज झाला आणि तो माणूस सायकलसकट चरात, पॉपीच्या फुलांत जाऊन पडला.

गाडी थांबली. हे म्हणाले, "काय वाजलं?"

"अहो, तो माणूस."

"कुठला माणूस?"

हे समोर बघत होते. मग डावीकडे. मग मागचा आरसा. मी उजवीकडे हात करून दाखवत होते, माझा हात ह्यांच्या नाकासमोर होता, आणि हे सगळीकडे बघत होते, तिथे सोडून. शेवटी पूर्ण मान वळवली, खांद्यापासून, आणि तेव्हा त्यांना तो दिसला.

मला तिथेच कळलं. आणखी काही सांगायची गरज उरली नाही. ऊन नसताना काळा चष्मा, तो डोळे तपासून घेतल्यावरचा. कॉफीची धार, माझ्या बोटांजवळून गेलेलं चाक. सगळं उजवीकडे.

तो माणूस उठून बसला होता. पन्नाशीचा, अंगाने बारीक. कोपर सोललेलं, गुडघ्यातून रक्त. मी धावले. हँडबॅग उघडताना आधी हळदीची पुडी हाताला आली आणि मी ती लावणारच होते, मग मलम सापडलं. त्याचे दोन सोबती मागून आले, ते खूप बोलले, मोठ्याने, आणि त्यांचा एकही शब्द कळला नाही तरी सगळं कळलं. हे कडेला उभे होते, सॉरी सॉरी म्हणत. त्या माणसाने पाय हलवून बघितला, हेल्मेट काढून बघितलं, आमच्या गाडीच्या नंबरचा आणि ह्यांच्या लायसन्सचा फोटो घेतला. जाताना त्याने स्वतःच्या डोळ्याकडे बोट दाखवलं आणि मग ह्यांच्याकडे. बघून चालवत जा, एवढंच म्हणायचं असणार.

ते गेल्यावर हे चराच्या कडेला बसले. मी उभीच राहिले.

"कधीपासून?"

"काचबिंदू आहे. ग्लॉकोमा. मार्चमध्ये कळलं." हे जमिनीकडे बघत बोलत होते. "उजव्या डोळ्याची कड गेली, जवळजवळ अर्धा गेला. गेलेलं परत येत नाही. डाव्यातही सुरू झालंय. थेंबांनी थोपवता येतं, किती ते सांगता येत नाही म्हणाले."

"आणि गाडी?"

"गाडीसाठी वेगळी टेस्ट करू म्हणाले होते. मी गेलो नाही."

"का?"

"नाही म्हणाले असते."

 मी घाबरले नव्हते, चिडले होते. मी म्हटलं, "तो मेला असता. त्याच्या बायकोला मी काय सांगितलं असतं? ह्यांना डोंगर बघायचे होते म्हणून? आणि मी इकडे तुमचं मीठ कमी करतेय. नाडी बघतेय. हार्ट म्हणून रोज मरतेय मी, रोज."

"हार्ट?" हे खरोखर गोंधळले. "माझ्या हार्टला काय झालंय?"

मला हसू आलं आणि ते रडण्यात गेलं. हे जिवंत राहणार होते. एका क्षणात तेवढंच मनात आलं आणि त्याचीही लाज वाटली, कारण चरात फुलं चिरडलेली होती आणि त्यावर रक्ताचे थेंब होते.

मग हे म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू आली नसतीस. मलाही येऊ दिलं नसतंस. मला दिसतंय तोवर एकदा..."  मी त्यांच्या शेजारी बसले. डाव्या बाजूला.

किल्ली ह्यांनी माझ्या मांडीवर ठेवली.

"म्हणून काउंटरवर माझी सही घेतलीत?"

"हो. पहिल्याच दिवशी सांगणार होतो की तू चालव. पण तुला विचारायची भीती वाटत होती."

मला भीती वाटते हे सगळ्या नोव्हायला माहीत आहे. ह्यांनाही वाटते हे मला माहीत नव्हतं.

तिथून शेतातल्या घरापर्यंत मी गाडी आणली. मागे गाड्यांची रांग लागली, त्यांनी हॉर्न वाजवले. वाजवोत. घरी पोचल्यावर बोटं स्टिअरिंगवरून सुटेनात, ह्यांनी एकेक सोडवली.

२४ मे

दोन दिवस मी चालवते आहे. हे उजवीकडे बसतात.

राग गेलेला नाही. काल दिवसभर गाडीत बोलले नाही. ह्यांनी एकदा म्हटलं, "त्या झाडांच्या रांगेच्या पलीकडे काय आहे?" मी म्हटलं, "मला गाडी चालवताना बोलायचं नसतं." म्हटल्यावर वाईट वाटलं. वळणानंतर जागा बघून गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि सांगितलं. पलीकडे एक लहानसं देऊळ आहे, म्हणजे त्यांचं चर्च. एकटंच. बाजूला मेंढ्या. एक मेंढी चालता चालता थांबली आहे. हे मान वळवून वळवून बघत होते. सापडलं तेव्हा म्हणाले, "हां, आता दिसलं."

चालवताना मला डोंगर दिसत नाहीत. फक्त रस्ता, कडेची पांढरी रेघ आणि पुढचं वळण. प्रत्येक सायकलवाला दिसला की मी इतकी हळू होते की तोच पुढे निघून जातो. परवा रोमच्या विमानतळाआधी मोठा हायवे आहे, तिथे ट्रक असतात. तो टाळता येत नाही, ह्यांनी नकाशात सगळीकडून शोधलं.

आश्लेषाला आज ह्यांनी स्वतः फोन केला. मी गॅलरीत होते, अर्धवट ऐकू येत होतं. ती खूप वेळ बोलत होती. शेवटी ह्यांनी फोन माझ्याकडे दिला. ती रडत होती. "आई, हू इज ड्रायव्हिंग?"

मी म्हटलं, "मी."

"यू? ऑन द हायवे?"

"परवा. अजून नाही."



२६ मे, रोम

पोचलो. हायवेवर काय झालं ते आठवत नाही, फक्त ट्रक आठवतात. मी मोठ्याने रामरक्षा म्हणत होते आणि कुठे अडले की हे पुढचं चरण सांगत होते. सायकलवाल्याचा निरोप भाड्याच्या कंपनीमार्फत आला, हाड मोडलेलं नाही, सायकलचं चाक गेलं. ह्यांनी लगेच उत्तर लिहिलं. बराच वेळ लिहीत होते.

आरशाबद्दल काउंटरवरच्या माणसाने विचारलं, कसं झालं. हे म्हणाले, "मला दिसत नाही. मी चालवायला नको होती." इंग्रजीत, सरळ. मी बाजूला उभी होते.

५ जून, नोव्हाय

आज ती टेस्ट होती, मार्चपासून टाळलेली. दवाखाना डेट्रॉइटच्या बाजूला. संजय म्हणाला, "वहिनी, मी सोडतो ना." शोभनानेही फोन केला. मी नको म्हटलं. म्हटल्यावर बाथरूममध्ये जाऊन पाच मिनिटं बसले.

निघताना ह्यांनी सवयीने ड्रायव्हरचं दार उघडलं. मी अंगणात उभी राहिले. हे दार लावून, गाडीच्या पुढून, बॉनेटवर हात ठेवत ठेवत पलीकडे गेले.

फ्रीवेवर शिरताना मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं. पुढे ट्रक होता. त्याच्या टायरवरच माझी नजर गेली. मी अंतर ठेवलं, आणखी ठेवलं, त्या जागेत तीन गाड्या घुसल्या. हे काही बोलले नाहीत, एकदाही नाही. पण खाली बघितलं तर ह्यांचा पाय बसल्या जागी ब्रेक दाबत होता.

आमचा एक्झिट आला तेव्हा मी मधल्या लेनमध्ये होते. उजवीकडे जायचं होतं. सिग्नल दिला. तोंडातून निघून गेलं, "अहो, उजवीकडून काही येतंय का?"

ह्यांनी मान वळवली, खांद्यापासून, खिडकीकडे. बराच वेळ बघत राहिले. एक्झिट जवळ येत होता.

मग मान परत सरळ केली आणि म्हणाले, "मला विचारू नकोस, नीला. तू बघ."

मी आरशात बघितलं. मग आरशावर न विसंबता मान वळवून बघितलं, त्यांच्या चेहऱ्यावरून पलीकडे. हे डोळे मिटून बसले होते. मी लेन बदलली.